पोर्टची चव

सुदेशने वाइनच्या बाटलीचं बूच काढलं, वास घेतला आणि पुन्हा घट्ट दाबून बसवलं. मग आईला फ्रिजमधली जागा दाखवली. दारात नको, दार सारखं उघडझाक होतं. आत, मागच्या बाजूला. आणि उभी, आडवी नाही. सुदेश गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावर कामाला होता. तिथल्या दुकानातल्या माणसाकडून त्याने हे सगळं नीट विचारून घेतलं होतं.

"किती दीस ऱ्हवतली?" सुमंगलाने विचारलं.

"तीन आठवडे. चार म्हणजे खूप. मागीर चव उतरता."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. सुदेशच्या वडिलांना, बाबलीला, घरी पाठवताना डॉक्टरांनीही साधारण तेवढेच दिवस सांगितले होते.

बाबलीच्या अन्ननलिकेत गाठ होती. पोटात घातलेल्या नळीतून दूध आणि पेजेची निवळ जायची. काय खावंसं वाटतं, असं लेकाने विचारलं तर म्हणाला, पोर्ट वाइन. लहानपणी ताप उतरला की त्याची आई अशक्तपणावर चमचाभर द्यायची. पुढे पाळी गावच्या खाणीवर तीस वर्षं ट्रक चालवताना तो बाकी सगळं प्यायला, आणि सगळं सोडलंही. ही एवढी चव राहून गेली होती.

रोज संध्याकाळी सुमंगला बाटली अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवी, म्हणजे गारठा मरे. काचेच्या पेल्यात दोन चमचे ओती. बाबली पेला खिडकीच्या उजेडात धरी, वास घेई, चमच्याच्या टोकाने जिभेवर सोडी आणि डोळे मिटून घेई. गिळायला फार वेळ लागे. पण तेवढा वेळ तो कण्हत नसे.

नवव्या दिवशी घोट उलटला. नाकातून लाल पाणी आलं, श्वास कोंडला. बऱ्याच वेळाने तो सावरला. दुसऱ्या दिवशी सुमंगलाने बाटली काढलीच नाही.

"बाटली हाड," बाबली म्हणाला.

"तुमका गिळवत नाय ता."

"माका नको. तू पी, आनी माका सांग."

सुमंगलाने जन्मात दारूला तोंड लावलं नव्हतं. तो फेणी पिऊन यायचा त्या दिवसांत ती पाठ करून झोपायची. ती स्टुलावर बसली, पेला दोन्ही हातांत धरला आणि एक घोट घेतला.

"गोड," ती म्हणाली.

"गोड साखरय आसता."

तिने दुसरा घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला. "जांभळां मीठ लावन खाल्ल्यार तोंड तुरट जाता तशी. मागीर ऊब. उतरता ती कळता."

"खंय मेरेन?"

"छातीमेरेन."

बाबलीने स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

तेव्हापासून हे रोजचं झालं. जेवणाबद्दल मीठ कमी की जास्त यापलीकडे कधी न बोललेली सुमंगला दिवसभर भाजी चिरताना शब्द शोधू लागली. एक दिवस म्हणाली, गुळात शिजवलेली कोकमं. एक दिवस म्हणाली, पाण्यात फुगलेली सुकी द्राक्षं. तो ऐकायचा. मधूनच जीभ ओठांवरून फिरवायचा.

तीन आठवडे गेले. चार गेले. बाबली राहिला. आवाज खोल गेला, पाठीला जखमा झाल्या, पण जीव जाईना. कूस बदलताना तो हात जोडायचा, "सोडय गे माका." सोडवायचं कसं, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पाचव्या आठवड्यात वाइन बदलली. रिकाम्या जागेतली हवा वाइनला खाते, असं सुदेश म्हणाला होता. म्हणून तिने उरलेली एका छोट्या, धुऊन वाळवलेल्या बाटलीत गळ्यापर्यंत भरली होती. तरी आधी वास गेला. मग चव बसली. कपाटात विसरलेल्या जुन्या औषधासारखी लागू लागली, शेवटाला कडवट.

"आई, दुसरी हाडूं?" सुदेशने फोनवर विचारलं.

हो म्हणणं म्हणजे आणखी चार आठवडे मागितल्यासारखं झालं असतं.

"नको. आसा अजून," ती म्हणाली.

आणि ती जुनी चव आठवून सांगू लागली. पेला आधी त्याच्या नाकाशी धरायची, मग आपण घोट घ्यायची, तोंड वाकडं होऊ द्यायची नाही.

"पयल्या दिसासारखीच आसा. जांभळां. मागीर ऊब."

"खंय मेरेन?"

"छातीमेरेन."

एका संध्याकाळी मात्र बाबलीने हात छातीवर ठेवला नाही. तो तिच्याकडे बघत राहिला.

"वास मेलो तिचो," तो म्हणाला.

सुमंगलाने पेला खाली ठेवला. "कवा कळला तुमका?"

"आठ दीस जाले."

"मगे सांगलात नाय ता?"

"तू बरा सांगत होतंस."

मग ती म्हणाली, "फाल्यां सुदेशाक सांगतंय. नवी हाडतलो."

बाबलीने उशीवर मान हलवली. नको. त्याने भिंतीकडे तोंड करायला सुरुवात केली. खांदा उचलेना. पुन्हा उचलायला गेला, तरीही उचलेना.

सुमंगला उठली. तिने त्याच्या पाठीखाली हात घातला आणि त्याला भिंतीकडे वळवून दिलं.