डिस्कमधला आवाज

"डिस्क गेलीय," दुरुस्तीवाला म्हणाला. लॅपटॉप त्याने कानाशी धरला होता. "आत नुसती टकटक चाललीय. नवी डिस्क घातली तर मशीन अजून चारपाच वर्षं मजेत चालेल. खर्चही फार नाही."

"आणि आतलं?" तिने विचारलं.

"आतलं इथे नाही निघायचं, काकू. डिस्क लॅबमध्ये पाठवावी लागेल. तिथे धुळीचा कणही नसलेल्या खोलीत ती उघडतात." खर्चाचा आकडा तोंडाने न सांगता त्याने कॅल्क्युलेटर तिच्याकडे फिरवला. "एवढ्यात असे तीन लॅपटॉप येतात. आणि निघेलच अशी खात्री नाही देत कुणी."

तिचा नवरा शेजारीच उभा होता. गळ्याभोवती रुमाल. त्याने काउंटरवर बोट आपटलं, काचेमागच्या नव्या डिस्ककडे दाखवलं आणि जुनीला हातानेच नकार दिला. कुणी बघेना म्हणून पुन्हा बोट आपटलं.

"तुम्ही जरा गप्प बसा," ती म्हणाली.

संसारभराची सवय होती. वाक्य निघून गेलं आणि दुकानात कुणालाच कळेना, कुठे बघावं.

तो भाजीबाजारात लिलाव पुकारायचा. सगळा बाजार त्याला भोंगा म्हणायचा. हा घरात बायकोला हाक मारतो आणि खालच्या मजल्यावरची बाई ओ देते, अशी थट्टा चाले. मग घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, डॉक्टर म्हणाले. त्याआधी घरच्यांसाठी काय बोलायचं ते रेकॉर्ड करून ठेवा. लेकीने सासरी जाताना मागे ठेवलेला लॅपटॉप घेऊन तो आठवडाभर रोज मागच्या खोलीत दार लावून बसला. काय बोललात, असं तिने विचारलं की मान हलवून म्हणायचा, "नंतर ऐक."

नंतर तिचा धीर झाला नाही. माणूस घरात हिंडतोय, जेवतोय, आणि आपण त्याला यंत्रातून ऐकायचं, हे तिला अभद्र वाटायचं. आवाज आहे, कुठे पळून जात नाही, एवढ्यावर तिचं भागत होतं. एका सकाळी मन घट्ट करून तिने लॅपटॉप उघडला, तर पडदा काळा आणि आत टकटक.

बाजारातल्या कितीतरी जणांच्या फोनमध्ये त्याचा आवाज होता. पण तो भाव पुकारणारा, चारचौघांचा. तिला घरातला हवा होता.

दुकानातून बाहेर पडल्यावर फुटपाथवरच त्याने तिला थांबवलं. फोनवर लिहून दाखवलं : "ते पैसे बोलायच्या यंत्राचे आहेत."

गळ्याला टेकवलं की बोलता येतं, असं ते यंत्र होतं. त्यासाठीच दोघांनी पोटाला चिमटा काढून पैसे साठवले होते.

"त्या यंत्रातून सगळ्यांचा एकच आवाज येतो," ती म्हणाली. "दवाखान्यात ऐकलाय मी. घरघर नुसती. मला तुमचा हवाय."

तो पुन्हा लिहायला लागला. बराच वेळ लिहीत राहिला. मग सगळं पुसलं आणि फोन खिशात टाकला. पटलं वाटतं यांना, असं तिला वाटलं.

डिस्क लॅबला गेली आणि इकडे त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं. दुकानातून फोन आला की तो उठून गॅलरीत जायचा. "येईल हो परत," ती समजूत घालायची. "कशाला जीव टांगणीला लावता?"

आणि खरंच आलं. "नशीब काढलंत, काकू. सगळं निघालं. नव्या डिस्कवर घालून दिलंय," दुरुस्तीवाला म्हणाला. यंत्राचे पैसे तिने त्याच्या हातावर ठेवले.

घरी येऊन तिने नवऱ्याला जवळ बसवलं आणि पहिली फाइल लावली. पंख्याची घरघर ऐकू आली. मग खाकरणं. मग पुन्हा पंखा. तिने आवाज वाढवला. खुर्ची करकरली, कुणीतरी सुस्कारा सोडला, आणि फाइल संपली. दुसरीत तेच. तिसरीतही तेच.

तिने दुकानात फोन लावला. "अहो, यात काहीच नाही."

"असं कसं? एकही फाइल खराब नाही, काकू. जेवढं रेकॉर्ड झालं होतं तेवढं सगळं आहे."

तिने फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. त्याची मान खाली होती. त्याने फोन काढला, लिहिलं आणि तिच्यापुढे धरला.

"रोज बसायचो. तोंड उघडलं की तुझा निरोप घेतोय असं वाटायचं. जमलं नाही. तुला सांगायचंही जमलं नाही."

जुना आवाज नाही, नवा येणार होता त्याचेही पैसे गेले. लॅपटॉप बंद करायचंही तिला सुचलं नाही. एकामागून एक फाइल आपली चालूच राहिली. पंखा फिरत होता. खुर्ची करकरत होती.

शेवटच्या फाइलच्या शेवटी, बंद दाराच्या पलीकडून, तिचा स्वतःचा आवाज आला : "अहो, झालं का बोलून? जेवण गार होतंय."

खुर्ची मागे सरकली.

"आलो," तो म्हणाला.