केतकीपुरता एक ‘जर’

“एक स्थळ शोधेपर्यंत माझा चहा निवतो! ते सूत्र आटोपशीर कर,” वधूवर मंडळ चालवणारे मुकुंदकाका त्यांच्याकडे काम करणाऱ्या विशाखावर खेकसले. एक्सेलमधलं ते मारुतीचं शेपूट वाढवलं होतं मात्र त्यांनीच. वय, शिक्षण, पगार, उंची. ‘जर’च्या पोटात आणखी एक ‘जर’.

विशाखा एकेक कंस सोडवत गेली, तर प्रत्येक फाट्याच्या शेवटी तीच एक अट निघाली. ती तिने उचलून सगळ्यात वर ठेवली: मुलगी घटस्फोटित असेल, तर स्थळं दाखवू नयेत. घटस्फोटित मुलग्यांना मात्र मोकळं रान होतं.

“काका, हे काढूया का?”

“तुझा काडीमोड झालाय म्हणून तुला झोंबतंय. नियम बदलायचा नाही!”

विशाखाने ती ओळ तशीच राहू दिली, पण ती विसरली नाही.

दिवाळीनंतर काकांची लेक केतकी घटस्फोट घेऊन माहेरी आली. काकांनी स्वतः बसून तिची माहिती भरली. पडद्यावर उमटलं: ‘स्थळं नाहीत.’

“काय घोळ घालून ठेवलास गं हा!”

विशाखाने त्यांचं जुनं सूत्र उघडून तीच माहिती भरली. उत्तर तेच आलं, फक्त सावकाश.

काकांचा आवाज एकदम मऊ झाला. “केतकीपुरता एक ‘जर’ घाल ना, बाळा.”

“सूत्र आटोपशीर हवं होतं ना तुम्हाला?” म्हणत विशाखाने सगळ्यात वरची ओळच पुसून टाकली. “आता केतकीला स्थळं दिसतील, मलाही दिसतील. खपत नसेल, तर दोघींची बंद करते.”