बंद करायचं बटण

"बाबा, लायसन्स असूनही आई कधीच गाडी का चालवत नाही?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून धम्मदीनाने एकदाचं विचारून टाकलं. तिला नुकतंच लर्नर लायसन्स मिळालं होतं आणि शिकवणार अर्थातच बाबा.

"तिला गाडीतलं काय कळतंय!" स्टिअरिंग फिरवत बाबा म्हणाले, आणि तेवढ्यात स्की फील्डच्या, म्हणजे बर्फावर स्कीइंग करायच्या मैदानाच्या, चढावर त्यांची फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी बर्फात रुतली. बाबांनी अर्धा तास ॲक्सिलरेटर दाबला, तिघंही कंटाळली. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा नुसता लुकलुकत होता, गाडी ढिम्म हलेना.

शेवटी आईने जांभई देत एक बटण दाबून धरलं. "ट्रॅक्शन कंट्रोल बंद केलंय. चाक घसरलं की तेच इंजिनाचा जोर कमी करतं. आता ॲक्सिलरेटर द्या हळूच. मॅन्युअलमध्ये आहे, अहो."

गाडी गुरगुरत बाहेर आली.


"आई-बाबा, ठरलं! शनिवारपासून मला आई शिकवणार. बाबा, तुम्ही मागे बसायचं."