खटखट

दिगंबरनं व्हॅनची पुढची सीट उचलली, तिच्याखालचं इंजिन उघडं केलं आणि चावी फिरवली. खटखट, खटखट. मागून निळसर धूर निघाला. कसबा पेठेतल्या त्या बोळात पलीकडे एक तांबट हंड्यावर ठोके देत बसला होता. त्यानंही हातोडी थांबवून वर पाहिलं.

"ऐकलंत चाचा?" दिगंबर ओरडला. गॅरेजात तो साधं बोलायचा तेही ओरडूनच. "आता दोनच रस्ते. हेच इंजिन खोलायचं, सिलिंडर तासून आत नवे पिस्टन टाकायचे. नाहीतर हे काढून दुसरं बसवायचं. काय ते आत्ता सांगा. उद्या गुरुवार, लाईट नाही. लेथवाल्याकडं आज माल टाकला तर शनिवारी हातात पडेल. शुक्रवारी टाकला तर सोमवार गेला."

दिवाळीची सुट्टी संपत आली होती. सोमवारी शाळा उघडणार आणि हमीदचाचांची व्हॅन कोथरूडच्या मुलांना घेऊन निघणार.

"दुसरं बसवा," परवीन लगेच म्हणाली. चाचांची ही मुलगी बँकेतून अर्धी रजा टाकून आली होती आणि आल्यापासून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मुलांच्या आया मला फोन करतात. गाडी वाटेत बंद पडेल म्हणतात. काही जणी तर दुसरी व्हॅन शोधतायत."

"दुसरं म्हणजे जुन्या बाजारातलं. ते आधी कुणी कसं पिदडलंय, कुणाला ठाऊक? ह्याची दुखणी निदान मला पाठ आहेत."

"मग हेच खोला. पण काहीतरी करा!"

हमीदचाचा हसले. "खोलायला आणि बदलायला निघालात दोघं! आधी मला ऐकू तर द्या."

त्यांनी हात पुढं केला. दिगंबरनं लांब स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात ठेवला. ही दोघांची जुनी रीत. टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची. आतला आवाज लोखंडातून थेट कानात येतो. चाचा ऐकून जागा सांगायचे आणि दिगंबर तेवढंच उघडायचा. पेठेतले रिक्षावालेसुद्धा आधी चाचांना ऐकवायचे आणि मग गाडी गॅरेजात घालायचे.

चाचा आत वाकले, डोळे मिटले. व्हॅनचं दार सताड उघडं, अर्धा बोळ अडलेला. मागून एक स्कूटर आली. स्कूटरवाल्या गृहस्थांनी हॉर्न दिला. पुन्हा दिला. मग बोट हॉर्नवरच ठेवलं.

"अहो वैद्यबुवा, नाडी बघून झाली असेल तर पेशंटला बाजूला घ्या!"

चाचा हलले नाहीत.

"मुद्दाम करतात," परवीन चिडून दिगंबरला म्हणाली. "घरीही हेच. नको असलेलं ऐकायचंच नाही." तिनं पुढं होऊन वडिलांची बाही ओढली. चाचा दचकून मागं सरले. स्कूटर त्यांच्या कोपराला घासून पुढं गेली, तेव्हा त्यांना ती दिसली.

"हा कुठून आला?"

त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. परवीनचा हात त्यांच्या बाहीवर तसाच राहिला.

"तर दिगंबर, टॅपेट आवळ आणि तेल बदल," चाचा म्हणाले. "बाकी काही नको. कसं मऊ चाललंय बघ."

इंजिन खटखटत होतं. दिगंबर एरवी टोमणा मारल्याशिवाय राहणारा माणूस नव्हे. त्यानं परवीनकडं पाहिलं आणि हातातला स्वच्छ पाना फडक्यानं पुसायला लागला.

चाचांनी एकदा हिचा चेहरा पाहिला, एकदा त्याचा. पलीकडचा तांबटही हातोडी मांडीवर ठेवून इकडंच बघत होता.

"काय झालं?"

चाचांनी स्क्रूड्रायव्हर परवीनपुढं धरला. "तू ऐक."

"राहू द्या ना, अब्बा."

"ऐक म्हणतो ना."

तिनं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाशी नेली आणि झटक्यात मागं घेतली. चाचा तिच्या तोंडाकडंच बघत होते.

"एवढा आहे?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

चाचांनी वाकून चावी बंद केली. स्क्रूड्रायव्हर तिच्या हातून घेतला, दिगंबरच्या पेटीत ज्या खणातून निघाला होता त्याच खणात ठेवला.

"हेच खोल," ते म्हणाले. "पिस्टन नवे टाक. बाकी गाडी चांगली आहे." मग परवीनकडं वळून, "तुझ्या भावाला फोन लाव. शकीलला म्हणावं, रिक्षा सोड, सोमवारपासून मुलांना तू ने."

"अब्बा, आपण कानाच्या डॉक्टरांकडं जाऊ. मशीन मिळतं. लावलं की झालं."

"जाऊ की. पण सोमवार त्याच्या आधी येतो."

दिगंबरनं नट सैल करायला घेतले. चाचा शेजारच्या दुकानाच्या पायरीवर बसले. परवीनही ओढणी सावरून त्यांच्याशेजारी टेकली. फोन तिच्या हातात होता, पण तिनं अजून लावला नव्हता.

"परवीन," चाचा म्हणाले, "या वर्षीची मुलं मला फार गुणी वाटत होती गं. गाडीत कशी चिडीचूप बसायची."