ओल्या फडक्यातलं उळं

"माझ्या पोराला गेटवर उभं करणार ही, सलाम ठोकायला!" खंडेराव चुलीपुढून सुनेवर खेकसले. तव्यावर त्यांची मिश्री भाजत होती.

"हे दीड एकरात उन्हातान्हात उभे राहतात, तिथं कोण सलाम करतंय, नाना?" रूपालीने सुनावलं. "वॉचमनच्या नोकरीचं सोमवारी नाशिकरोडच्या कंपनीला कळवायचंय. हो का नाही, ते बोला."

सोमनाथने बापाकडे पाहिलं नाही, बायकोकडेही नाही.

रविवारी लेकीला घेऊन ते दोघं तिथली भाड्याची खोली बघून आले होते. एक खिडकी, तीही समोरच्या भिंतीवर उघडणारी. चार वर्षांच्या आरोहीने चारही कोपरे पाहून विचारलं होतं, "आई, शेळी कुठं बांधायची?" रूपाली घरी आल्यावर हे कुणाजवळ बोलली नव्हती.

"माझ्या हो-नाहीचं काय घेऊन बसलीस? उळं सांगंल." खंडेरावांनी तवा उतरवला. कांद्याचं बी टाकायच्या आधी विंचूरकडे ते उगवतं का, हे चिमूटभर उळं, म्हणजे तेच बी, ओल्या फडक्यात बांधून बघतात. तशी एक पुरचुंडी त्यांनी सुनेपुढे टाकली. "सहा दिवसांत उगवलं, तर शेत सोडायचं नाव काढायचं नाय. नाय उगवलं, तर चालते व्हा. पाणी तूच शिंपड. मागनं म्हणशील, म्हाताऱ्यानं लबाडी केली."

"आणि उगवलं नाही, तर मीच वाळवलं म्हणाल."

"म्हणीन की!"

रूपालीने आत जाऊन गाठ सोडली. बी नाकाशी नेलं. मग दार लोटून घेतलं. येवल्याहून आईने दिलेल्या डब्यांचा खुळखुळाट तेवढा बाहेर आला.

सहा दिवस सासरा-सून एकमेकांशी बोलले नाहीत. खंडेराव सोमनाथला ऐकवायचे, "बघ रे, पाणी घालती का नुसतं तोंड चालवती." ती भांडी आपटायची.

सोमवारी सकाळी तिने सगळ्यांसमोर फडकं उलगडलं. काळ्या दाण्यांतून पांढरे कोंब. दाणा न दाणा उगवला होता.

सोमनाथला हसू आवरेना. आरोही शेळीला सांगायला पळाली.

खंडेरावांनी एक कोंब बोटावर उचलून घेतला.

"येड्यांनो, या शेतातनं सुटला असता की रे," ते पुटपुटले. "भाजलं होतं मी ते. मिश्रीच्या तव्यावर."

"वास आला होता, नाना," फडक्यावर पाणी शिंपडत रूपाली म्हणाली. "म्हणून माहेरचं उळं बांधलं."