टोचे न मारलेलं वांगं

धाडकन आवाज झाला, तशी मी साबणाच्या हातांनीच स्वयंपाकघराकडे धावले.

गेल्या वर्षी गॅसवर पदर पेटल्यापासून सासूबाई स्वयंपाकघरात आल्या नव्हत्या. ज्वाळ दिसायला नको म्हणून मी छोटा ओव्हन आणला, बाहेरच्या टेबलावर ठेवून त्यांना वापरायला शिकवला आणि मग स्वयंपाकघरात हलवला. आज त्या पहिल्यांदाच एकट्या आत गेल्या होत्या, भरताचं वांगं भाजायला.

आता त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. टोचे न मारल्यामुळे वाफ कोंडून वांगं फुटलं होतं, ओव्हनची काच आतून गराने माखली होती. त्यांना काही लागलं नव्हतं. पण आता या पुन्हा इथे पाऊल ठेवणार नाहीत, असं मला वाटलं. मी प्लग काढला, दार उघडलं आणि घाईघाईने ओलं फडकं उचललं.

त्यांनी माझं मनगट धरलं.

"अगं, काच तापलीय. ओल्याने तडकेल. तूच सांगितलं होतंस ना?"

मी फडकं खाली ठेवलं.

"गार होऊ दे त्याला, मग पुसू," त्या म्हणाल्या. "गॅसवर मेलं कधी फुटलं नाही! दे दुसरं वांगं इकडे. आणि सुरी दे, टोचे मारते."