नऊ वर्षांची उत्तरं

"बारा वाजेपर्यंत एक नाव ठरवा," नियंत्रण कक्षाच्या मॅडम म्हणाल्या. "मागच्या महिन्यात पडदा अकरा सेकंद गोठला. रुग्णवाहिका चौकात पोहोचली होती आणि आमच्या नकाशावर अजून पुलावरच. तो पेशंट गेला. आता घोळ नको."

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

तरुण इंजिनिअरने आलेख दाखवला. पडद्यावर चारशे रुग्णवाहिका एकदम हलवून तिने दोन जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क, म्हणजे नकाशाचा पडदा ज्यावर उभा करायचा ते तयार सांगाडे, तपासली होती. मोठ्या कंपनीचं होतं ते कक्षातल्या जुन्या संगणकांवर अडखळत होतं. छोटं मात्र झरझर चालत होतं.

"हे छोटं लिहितं कोण?"

"एकच माणूस, मॅडम. नाव लावत नाही."

"झालं!" टेबलाच्या टोकाकडून काका म्हणाले. ते ऑफिसातले सगळ्यात जुने प्रोग्रॅमर. रजा संपवून आजच आले होते; शर्ट अंगावर लोंबत होता. "उद्या तो गचकला तर चारशे गाड्या कुणाच्या भरवशावर?"

"काका, तुम्हाला नवीन काही आवडतच नाही."

"आवडतं गं. पण आवड वेगळी, भरवसा वेगळा. मोठं घे. त्यातही नकाशावर फक्त जागची हललेली गाडीच पुन्हा काढायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. चालेल पळत. दुपारी बसून दाखवतो."

"नऊ वर्षं तो प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला एका दिवसात उत्तर देतोय!" तिचा आवाज चढला. "दोन हजार उत्तरांच्या वेळा मोजल्यात मी. सगळी पहाटे, नाहीतर संध्याकाळी सातनंतर. म्हणजे नोकरी सांभाळून करतोय. असा माणूस वाऱ्यावर सोडेल? या महिन्यात जरा गप्प आहे, पण सुट्टी कुणाला नसते?"

"मोजलंस खरं," काका हळूच म्हणाले.

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. "त्यालाच विचारा की."

तिने त्या फ्रेमवर्कच्या प्रश्नांच्या पानावर लिहिलं: 'रुग्णवाहिकांसाठी वापरणार आहोत. जिवाचा प्रश्न आहे. पुढची पाच वर्षं तुम्ही आहात ना?'

"आत्ता नाही यायचं उत्तर," ती म्हणाली. "कामाच्या वेळेत त्याने कधीच दिलेलं नाही."

काका टेबलाला धरून उठले. "गोळीची वेळ झाली. आलोच."

दार लागलं. पावणेबारा. बाराला पाच कमी.

"आकडे तुमच्या बाजूने आहेत," मॅडम शेवटी म्हणाल्या आणि त्यांनी पेन उघडलं. "लिहू छोट्याचं नाव?"

"लिहा."

तेवढ्यात पडद्यावर उत्तर उमटलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच, भर कामाच्या वेळेत.

'पाच महिनेही कठीण आहेत गं. मोठंच घे. दुपारी बसून दाखवतो म्हटलं ना.'